सुरी कुणाच्या हाती?

१९८६च्या पावसाळ्यातली गोष्ट. बँकेच्या नोकरीत तेव्हा मी रायगड जिल्ह्यातल्या एका आडगावच्या शाखेत होतो. शाखेतल्या शिपायाच्या मुलाच्या पोटरीवर कोयता बसला. वीतभर जखम, आतलं मांस दिसत होतं. ओढ्याला पूर आलेला, तालुक्याचा रस्ता बंद, आणि आरोग्य केंद्राचे डॉक्टर मीटिंगसाठी जिल्ह्याच्या गावी अडकलेले. केंद्रात होत्या त्या एकट्या सिस्टर. पन्नाशीच्या, कपाळावर मोठं कुंकू, आवाजात जरब. त्यांनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या पावसाकडे, आणि मग हात धुवायला घेतले. जखम साफ केली, बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं आणि एकामागून एक नऊ टाके घातले. मी कंदील धरून उभा होतो. इतके सारखे टाके मी आजवर पाहिलेले नाहीत.

सगळं आटोपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हे कुठे बोलू नका, अशी विनंती केली. रजिस्टरमध्ये त्यांनी फक्त मलमपट्टी असं लिहिलं. आम्ही बँकेतली माणसं. नोंद नाही म्हणजे व्यवहार झालाच नाही, हे आमच्या रक्तात भिनलेलं. त्यामुळे ते रजिस्टर माझ्या मनातून कधी गेलं नाही. ज्या हातांना काम येत होतं त्यांना ते करण्याची परवानगी नव्हती, आणि ज्यांना परवानगी होती ते हात ओढ्यापलीकडे होते.

हा प्रश्न ज्या माणसाने सर्वात आडदांडपणे सोडवला, त्याचं चरित्र पुढे माझ्या हाती आलं. नाव नॉर्मन बेथ्यून. आपल्याकडे हे नाव माहीत असतं ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. व्ही. शांताराम यांचा १९४६चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट आमच्या आईवडिलांच्या पिढीने डोळे पुसत पाहिला. पण ज्या रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख झाले, ते ज्याच्या नावाचं होतं तो बेथ्यून कोण, हे त्यांच्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात ग्रेव्हनहर्स्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथे १८९०च्या मार्चमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी नॉर्मनचा जन्म झाला. आजोबा शल्यचिकित्सक, त्यांचंही नाव नॉर्मन. नातवाने लहानपणीच आजोबांची पितळी पाटी आपल्या खोलीच्या दाराला ठोकली आणि आपण पुढे काय होणार ते घरात जाहीर करून टाकलं. पोरगा हट्टी, तापट आणि कुणाचं न ऐकणारा होता. तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

त्याच्या तरुणपणातल्या एका गोष्टीकडे चरित्रकार तितकंसं लक्ष देत नाहीत, मला मात्र ती महत्त्वाची वाटते. १९११ साली कॉलेजचं शिक्षण मध्येच थांबवून तो उत्तरेच्या जंगलात लाकूडतोड्यांच्या छावणीत गेला. दिवसभर त्यांच्याबरोबर कुऱ्हाड चालवायची आणि रात्री दिव्याच्या उजेडात त्याच मजुरांना लिहायला-वाचायला शिकवायचं, असं ते काम होतं. युरोपातल्या नाना देशांतून आलेली ती माणसं, इंग्रजीचा गंध नाही. राकट हातांच्या अशिक्षित माणसाला शिकवता येतं, फक्त आधी त्याच्याबरोबर घाम गाळावा लागतो, हा धडा त्याला एकविसाव्या वर्षी मिळाला. सत्तावीस वर्षांनी चीनच्या डोंगरात तोच उपयोगी पडला.

पहिल्या महायुद्धात तो जखमींची स्ट्रेचर वाहणारा शिपाई होता. १९१५ साली इप्रच्या लढाईत पायात तोफगोळ्याचे तुकडे घुसले आणि त्याला परत यावं लागलं. १९१६मध्ये डॉक्टर झाला. पुढे लंडन, एडिंबरा, लग्न आणि मग अमेरिकेत डेट्रॉइटला दवाखाना. पैसा येऊ लागला आणि त्याच सुमारास, १९२६ साली, त्याला क्षय झाला. त्या काळी क्षय म्हणजे मृत्यूची चिठ्ठीच. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरानॅक लेकच्या आरोग्यधामात तो मरणाची वाट पाहत पडला होता. पत्नी फ्रान्सिसला त्याने स्वतःहून मोकळं केलं. खोलीच्या भिंतीवर आपल्या आयुष्याची आणि मरणाचीही चित्रं रंगवून ठेवली.

तिथेच त्याच्या हाती फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेवरचं एक पुस्तक पडलं. रोगट फुप्फुसाच्या बाजूला छातीत हवा भरून ते काही काळ मिटवून ठेवायचं, म्हणजे त्याला विश्रांती मिळते आणि जखम भरते, असा उपाय त्यात होता. आरोग्यधामाच्या डॉक्टरांना तो धोक्याचा वाटत होता. बेथ्यूनने तो आपल्यावर करायला लावला, आणि दोन महिन्यांत तो तिथून बाहेर पडला. फ्रान्सिसशी त्याने पुन्हा लग्न केलं, आणि तेही काही वर्षांत पुन्हा मोडलं. या माणसाबरोबर संसार करणं सोपं नसणार.

मग माँट्रियलमध्ये तो छातीच्या शस्त्रक्रियांचा नावाजलेला सर्जन झाला. हात अतिशय वेगवान. काही सहकाऱ्यांना तो वेग पसंत नव्हता, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जुन्या हत्यारांवर त्याचा राग. एकदा चांभाराच्या दुकानात खिळे कापायची कातर पाहिली आणि तिच्यावरून त्याने बरगडी कापायची कातर बनवली. ती त्याच्या नावाने पुढे कित्येक वर्षं विकली जात होती. पण क्षयाचे गरीब रोगी बरे होऊन घरी जातात आणि त्याच अंधाऱ्या खोलीत राहून पुन्हा आजारी पडतात, हे पाहून त्याचा त्रागा वाढत गेला. १९३५ साली तो रशिया पाहून आला आणि त्यानंतर कम्युनिस्ट झाला. १९३६च्या अखेरीस यादवी युद्धातल्या स्पेनमध्ये जाऊन त्याने माद्रिदला रक्तपेढी सुरू केली. दात्यांचं रक्त बाटल्यांत साठवायचं आणि गाडीतून थेट आघाडीवर न्यायचं, अशी ती योजना होती. जखमी माणूस सर्जनपर्यंत पोचेपर्यंत वाट पाहू नये, आपणच त्याच्याकडे जावं, हा त्याचा मंत्र तिथे पक्का झाला. पण सहकाऱ्यांशी खटके उडाले आणि १९३७मध्ये तो परतला.

जानेवारी १९३८मध्ये तो व्हँकूव्हरहून चीनला निघाला. बरोबर जीन युएन नावाची कॅनडियन परिचारिका होती. ती आधी चीनमध्ये काम करून आलेली, चिनी भाषा उत्तम बोलणारी. मार्चअखेर दोघं येनानला पोचली. माओशी भेट झाली. पण बेथ्यून आणि जीन यांचं काही जमलं नाही, आणि पुढचा डोंगरातला प्रवास त्याने तिच्याशिवाय केला. परिचारिकेच्या कर्तृत्वावर ज्याचं पुढचं सगळं काम उभं राहिलं, त्याला एका कर्तबगार परिचारिकेशी धड बोलता येऊ नये! थोर माणसांची चरित्रं वाचताना अशा जागा मी मुद्दाम शोधतो. त्यांच्यामुळे माणूस खरा वाटतो.

जूनमध्ये तो वुताई पर्वताच्या परिसरात पोचला. जपानी सैन्याच्या पिछाडीला, शान्सी आणि होपेई प्रांतांच्या सीमेवर, आठव्या रूट आर्मीने आपला मुलूख धरून ठेवला होता. सेनापती न्ये रुंगचन. पहिल्या आठवड्यातच बेथ्यूनने पाचशेहून अधिक जखमी तपासले. जे पाहिलं त्याने तो हादरला. शेतकऱ्यांच्या घरांत, मातीच्या ओट्यांवर, रक्ताने माखलेल्या पट्ट्यांत माणसं महिनोनमहिने पडून होती. डॉक्टर म्हणून जे होते त्यांतल्या बहुतेकांनी वैद्यकीय शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. नर्स म्हणजे चौदा ते अठरा वर्षांची शेतकऱ्यांची पोरं, काल गुरं राखणारी. एकच पट्टी एका जखमेवरून काढून दुसऱ्या जखमेवर बांधली जात होती.

बेथ्यूनचा राग प्रसिद्ध होता. तो ओरडे आणि हातातली वस्तू फेकून देई. पण रागाने पट्ट्या स्वच्छ होत नाहीत, हे त्याच्या लवकर ध्यानात आलं असावं. सुंग-येन-खौ या गावी एका जुन्या देवळाच्या आवारात त्याने आदर्श रुग्णालय उभारलं. गावचे सुतार, लोहार, शिंपी, बायाबापड्या, सगळे राबले. मोडलेला पाय ताणून ठेवायच्या लाकडी चौकटी सुतारांनी बनवल्या. रक्त दिलं की माणूस मरतो अशी गावात समजूत होती. तेव्हा बेथ्यून स्वतः आडवा झाला आणि सगळ्यांसमोर आपलं रक्त एका जखमी सैनिकाला दिलं. मग गावकऱ्यांनी नावं नोंदवली. साठवायला बर्फ नाही, बाटल्या नाहीत, म्हणून हिंडती-फिरती माणसंच रक्तपेढी झाली. १५ सप्टेंबर १९३८ला मोठ्या थाटात रुग्णालयाचं उद्‌घाटन झालं, आणि काही आठवड्यांतच जपानी फौजेने ते उद्ध्वस्त केलं.

दुसरा कुणी खचला असता. बेथ्यूनने आपली चूक ओळखली. गनिमी युद्धात इमारत टिकत नाही, टिकतं ते माणसाच्या डोक्यात आणि हातात गेलेलं. मग त्याने रुग्णालय खेचराच्या पाठीवर चढवलं. पुलाच्या कमानीसारखं दिसणारं एक खोगीर बनवून घेतलं. त्याच्या कप्प्यांत शंभर शस्त्रक्रियांना आणि पाचशे मलमपट्ट्यांना पुरेल एवढं सामान राहत असे. सोबत उघडझाप होणारं टेबल. आणि त्याने शाळा मांडली.

ही शाळा कशी होती ते जरा सविस्तर सांगायला हवं. १९३९च्या सुरुवातीला त्याने एक सराव-आठवडा भरवला. ठिकठिकाणच्या तुकड्यांतून डॉक्टर आणि नर्स बोलावले. प्रत्येकाने प्रत्येक काम करायचं, असा नियम. डॉक्टरने फरशी पुसायची, भांडी उचलायची, रोग्याला अंघोळ घालायची, हत्यारं उकळायची. नंतर पट्टी बांधायची, भूल द्यायची, मदतनीस म्हणून उभं राहायचं आणि शेवटी हातात सुरी घ्यायची. कमीअधिक शिकलेला असा भेद नाही. त्याने शिडीच आडवी करून टाकली. वरच्या पायरीवरचा माणूस खालच्या पायरीचं काम विसरतो आणि खालच्याला वरचं काम म्हणजे जादू वाटते, हे दोन्ही रोग त्याने एकाच औषधाने बरे करायला घेतले.

पण शेतकऱ्याच्या पोराला वर्षभरात शस्त्रक्रिया शिकवणार कशी? इथे बेथ्यूनचा हिशेब मला फार आवडतो. युद्धातल्या बहुतेक जखमा हातापायांच्या असतात. त्यांना लागणारी कामं मोजकी: मेलेलं मांस आणि चिंधड्या कापून जखम स्वच्छ करणं, गोळीचा तुकडा काढणं, रक्तवाहिनी बांधणं, मोडलेलं हाड चौकटीत धरणं, आणि काहीच इलाज उरला नाही तर अवयव कापणं. जखम घाईने शिवून टाकायची नाही, उघडी ठेवायची, म्हणजे आत सडत नाही. बिस्मथ, आयोडोफॉर्म आणि पॅराफीन यांचं मलम तो स्वतः घोटून तिच्यात भरी. सगळं वैद्यकशास्त्र शिकवायला सात वर्षं लागतात, एवढ्याला लागत नाहीत. शिवाय हात बसायला जखमींची वाण नव्हती. वर्षभरात डॉक्टर आणि सहा महिन्यांत नर्स, असं गणित त्याने मांडलं. ज्याला डॉक्टर म्हणायचं तो त्याच्या दृष्टीने कालचा चांगला नर्सच होता.

पुस्तकं नव्हती, म्हणून तो रात्री मेणबत्तीच्या उजेडात टाइपरायटर घेऊन बसे. आकृत्या स्वतः काढी. दुभाष्या तुंग भाषांतर करी आणि पानं छापायला जात. गनिमी युद्धातल्या फिरत्या रुग्णालयांवरचं त्याचं पुस्तक असंच तयार झालं. एप्रिल १९३९मध्ये मध्य होपेईतल्या ची-हुईच्या लढाईत त्याने लहानशा देवळात ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. त्या देवळात त्याच्याभोवती उभी असलेली माणसं त्याची सहकारी होती तशी विद्यार्थीही होती.

अर्धवट शिकलेल्या हातांनी कुणाचं नुकसान झालं नसेल का? झालंच असेल. डॉक्टर मित्रांशी या विषयावर बोललो की ते हेच विचारतात, आणि त्यांची काळजी खोटी नाही. शस्त्रक्रिया म्हणजे नुसता हात नव्हे. काही बिघडलं तर काय करायचं हे कळणं ही खरी विद्या, आणि ती वर्षभरात येत नाही. पण वुताईच्या डोंगरात निवड उत्तम सर्जन आणि साधारण सर्जन यांच्यातली नव्हती. निवड होती ती साधारण सर्जन आणि गँगरीन यांच्यातली. जगात पुढेही हीच निवड पुन्हा पुन्हा पुढे आली. मोझांबिकने १९८४पासून आरोग्य सहायकांना शस्त्रक्रियेचं शिक्षण दिलं, आणि तिथल्या जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन त्यांनीच केली. इथिओपियाच्या मामितू गाशे १९६२ साली रोगी म्हणून अदिस अबाबाच्या रुग्णालयात आल्या. अक्षरओळख नव्हती. डॉक्टरांना मदत करता करता त्या नाजूक शस्त्रक्रिया करू लागल्या आणि इतर सर्जनांना शिकवूही लागल्या. आपल्या गडचिरोलीत बंग दांपत्याने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांना इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हा केवढा गहजब झाला. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. ती शस्त्रक्रिया नव्हे, पण परवानगीचा प्रश्न तोच.

बेथ्यूनकडे परत येतो. औषधांची चणचण कायमची. जवळच्या सुंग-च्या-च्वांग गावी कॅथलीन हॉल नावाची न्यूझीलंडची मिशनरी परिचारिका होती. हा कट्टर नास्तिक, ती ख्रिस्तभक्त. तरी त्याने तिला जपान्यांच्या ताब्यातल्या पेइपिंगहून, म्हणजे आजच्या बीजिंगहून, औषधं आणायची गळ घातली, आणि तिने जीव धोक्यात घालून ती आणली. तिथल्या काही प्रशिक्षित परिचारिकांनाही तिने डोंगरात यायला राजी केलं. जपान्यांना सुगावा लागला, तिचं मिशन जाळलं गेलं, तिला देश सोडावा लागला.

माओने त्याला महिना शंभर युआन द्यायचे ठरवले होते. सेनापतीलाही मोजकेच युआन मिळत. बेथ्यूनने पैसे नाकारले आणि ते जखमींच्या तंबाखूसाठी वळवायला सांगितलं. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला असा खातेदार दुर्मीळ!

सप्टेंबर १९३९मध्ये त्या भागात सैन्याची रीतसर वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिच्यासाठी पैसा उभा करायला तो कॅनडाला जाणार होता. तेवढ्यात जपानी हल्ला सुरू झाला आणि त्याने जाणं पुढे ढकललं. ऑक्टोबरच्या अखेरीस शत्रू जवळ येत असताना घाईने शस्त्रक्रिया करताना त्याच्या डाव्या हाताचं बोट कापलं. रबरी हातमोजे नव्हते. काही दिवसांनी जंतुसंसर्ग झालेल्या एका जखमीवर त्याच बोटाने तो काम करत राहिला. पेनिसिलीन अजून वापरात यायचं होतं. १२ नोव्हेंबर १९३९च्या पहाटे, ह्वांग-श-खौ गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरात रक्तात विष भिनून तो गेला. वय एकोणपन्नास, दिसायला सत्तरीचा.

मरण्यापूर्वी त्याने न्ये रुंगचनना लिहिलेलं पत्र म्हणजे चोख ताळेबंद आहे. कुठली वस्तू कुणाला द्यायची याची यादी. घटस्फोटित पत्नीला निर्वाहासाठी काही रक्कम पाठवावी, ही विनंती. आणि दरवर्षी क्विनाइन आणि लोहाची औषधं किती पौंड घ्यायची, कुठल्या शहरांत ती घेऊ नयेत कारण तिथे भाव दुप्पट आहेत, हेही. मरणाऱ्या माणसाला क्विनाइनच्या भावाची काळजी!

त्याच्या मृत्यूनंतर शाळेला आणि रुग्णालयाला त्याचं नाव दिलं गेलं. १९४० साली तिथे पोचले ते काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातले द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरच्या गिरणीतल्या कारकुनाचा मुलगा, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेला. बेथ्यूनशी त्यांची भेट कधीच झाली नाही. जानेवारी १९४१मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. चिनी भाषा इतकी आत्मसात केली की शाळेत तीतूनच शिकवू लागले. तिथेच को छिंगलान परिचर्या शिकवत होती. कॅथलीन हॉलने डोंगरात धाडलेल्या परिचारिकांपैकी ती एक. १९४१च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिन-हुआ, म्हणजे भारत आणि चीन. नाव सेनापती न्येंनी सुचवलं होतं.

कोटणीसांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं एक पाठ्यपुस्तक चिनी भाषेत पुरं केलं होतं आणि दुसरं लिहायला घेतलं होतं. बेथ्यूनसारखंच, रात्री, दिव्याच्या उजेडात. ८ डिसेंबर १९४२च्या संध्याकाळी लिहीत असतानाच त्यांना अपस्माराचा झटका आला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. तोही पुढे डॉक्टरकी शिकत असताना १९६७मध्ये वारला. को छिंगलान मात्र दीर्घायुषी ठरली. ती अनेकदा भारतात आली, सासरच्या माणसांना भेटली. २०१२ साली ती गेली.

ज्या शाळेत ती शिकवत होती ती डोंगरातून गावोगाव हलत हलत युद्धानंतर छांगछुन शहरात स्थिरावली. आज ती तिथल्या चीलीन विद्यापीठाचं बेथ्यून वैद्यकीय केंद्र आहे. कोटणीसांच्या दुसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित त्या रात्री १७५व्या पानावर थांबलं होतं, असं सांगतात.